नारळाचं उदाहरण

जून १९९८. कॉलेजात गुणपत्रिकेच्या रांगेत तेवीस जण होते. माझ्यापुढे एक मुलगी आणि पंचवटीत पूजेचं सामान विकणारी तिची आई.

"मोहिने, अर्थशास्त्रात परत नापास झालीस, तर तुझे बाबा कॉलेज सोडायला लावणार हायेत."

"माहितीये, आई."

"मग पुस्तकातलं मिठाचं उदाहरण सोडून आपलं दुकान कशाला लिहिलंस?"

"गजरा महागला की भाविक सोडून देतात, नारळ महागला तरी घेतातच. मागणीची लवचिकता म्हणजे हेच."

"अन् पेपर तपासणारे मास्तर लय घासाघीस करणारे निघाले म्हंजे?"

"तसले मास्तरही शेवटी नारळ घेतातच ना?"

"घेतात खरं."

खिडकीतून गुणपत्रिका आली.

"वाच ना गं पटकन!"

"अर्थशास्त्र, शंभरपैकी एकसष्ट."