नोकरीची पाठवणी

— न्हाई न्हाई, बर्फ कमीच टाकलाय, प्या तुमी निवांत, लेण्याद्री चढून-उतरून आलाय, घसा सुकला असंल. मशीन बगताय व्हय? अवो, हे काय मशीन हाय — ऊस घाला, रस काढा. मी अठरा वर्षं रबरी सीलचा प्रेस चालवलाय, दोनशे टनाचा. कंपनी? गेली की व्हिएतनामला, मशिनीसकट. आन् घालवली कुणी? मीच — म्हंजी समदी न्हाई, पर निम्मी तरी मीच. झालं काय, तिकडनं लिन नावाची पोर आली, तीन म्हैने शिकायला. सायेब म्हणलं, हौशीराम, पावणी हाय, समदं शिकव. आता पावणी म्हणल्यावर आमी सोडतोय व्हय? प्रेस शिकवला, टेंपरेचर शिकवलं, खंडेनवमीसारखं रोज मशिनीला कुंकू कसं लावायचं ते बी शिकवलं — तिनं वहीत लिवून घेतलं, कुंकू किती, कुठल्या बोटानं. घरी नेऊन मासवडी खाऊ घातली. आमची बायको नंदा तर अशी पाघळली, जाताना पोरीची खणानारळानं वटी भरली. आन् म्हैन्याभरात गेटवर नोटीस — प्रेस चालला तिच्याकडं. आपल्याच नोकरीची वटी भरून पाठवणी केलेली माणसं बघितली का कुठं? बगून घ्या. गावात अजून हसत्यात. मला बी हसू येतं, मंग वाईट वाटतं.

पर मी बी कच्चा न्हाई, राव. एक गोष्ट शिकवली न्हाई — कुणाला सांगू नका. प्रेसच्या मागं एक वायर ढिली व्हती. रोज सकाळी मी कुंकू लावायचो आन् मागनं हळूच एक बुक्की द्यायचो, की चालू. पोरीला वाटलं, कुंकवानंच चालतोय. आता तिकडं बंद पडलाय, रोज कुंकू लावत्यात, इंजिनेर बी हात टेकून बसलाय. सायबाचा दोनदा फोन आला. मी म्हणलं, इमानाचं तिकीट काढा, कामावर घ्या, मंग येतो. नंदानं माजी पँट इस्तरी करून ठिवलीय. तवर तोंड उघडायचं न्हाई, मेलो तरी —

थांबा, फोन वाजतोय. व्हिडिओचा हाय… लिन? अगं, रडतीस कशापाय? थांबा पावणं, मोबाईल मराठीत सांगतोय… उद्या प्रेस चालू झाला न्हाई तर तुला काढणार? तुला? तुजी काय चूक?

…गप. डोळं पूस आदी. मेन स्विच बंद कर. केला? आता मागलं झाकण काढ. लाल वायर दिसती? तिचा स्क्रू पिळ. आजून पिळ. लाव झाकण. दाब बटण.

…चालला.

काय बगताय, पावणं? गिलास ठिवा तिथं आन् निघा. आज रसवंती बंद हाय.