भेट : इरा

(बडोद्यातली दिवाणांची जुनी हवेली, आता संग्रहालय. दिवाणखान्यात दोरीच्या पलीकडे, शिसवी झोपाळ्यावर सव्वापाच वर्षांची इरा. अलीकडे तिची आई उत्कर्षा आणि दारातली वही घेतलेले रखवालदार धनाजीराव.)

उत्कर्षा : देता येणार नाही म्हणजे? काका, माझी मुलगी आहे ती!

धनाजीराव : होती. सव्वाअकराला तुम्ही ती संग्रहालयाला भेट दिलीत. हे बघा, तुमचंच अक्षर.

उत्कर्षा : मी दारातल्या वहीत इराचं नाव लिहिलं फक्त. वर गुजरातीत 'भेट' होतं. आम्ही भेट द्यायला आलो, म्हणून लिहिलं.

धनाजीराव : बघायला येणाऱ्यांची वही बाजूला आहे. तिच्यावर 'मुलाकात' लिहिलंय. ही भेट. खुशीनं दिलेली वस्तू.

उत्कर्षा : अहो, मराठीत दोन्ही अर्थ होतात! तुम्ही मराठीच ना?

धनाजीराव : चार पिढ्या बडोद्यात आहोत, बाईसाहेब. घरात मराठी, वहीत गुजराती. पुढं 'कोणाकडून' विचारलंय. तिथं 'आई'.

उत्कर्षा : मला वाटलं, लहान मुलं कोणाबरोबर आलीत ते विचारताय!

धनाजीराव : आणि सूचनांच्या रकान्यात? 'धूळ सोसत नाही. अंधारात ठेवू नये. दुपारी दोननंतर चिडते.' एवढी काळजी आजवर कोणी घेतली नाही हो. दिवाणसाहेबांच्या नातवानं घड्याळ दिलं, किल्ली कुठली ते सांगितलं नाही.

उत्कर्षा : इरा, उतर खाली! पडशील.

इरा : आई, दोरीच्या आत येऊ नकोस.

उत्कर्षा : तोंडाला काय लागलंय बघ. ये, पुसते.

इरा : पुसायचं नाही. काका म्हणाले, इथल्या वस्तूंना हात लावायचा नाही. मी वस्तू आहे.

धनाजीराव : हुशार आहे. अक्षरं येतात?

उत्कर्षा : दोन्ही लिपीतली येतात, तिसऱ्या वर्षापासून... तुम्ही विषय बदलू नका!

धनाजीराव : 'अक्षरं येतात.' लिहून घेतो.

उत्कर्षा : खोडा ते! तिचे बाबा तरसालीहून निघालेत. पंधरा मिनिटांत पोचतील.

धनाजीराव : सारू, बरंच झालं. त्यांचीही सही राहिलीच होती.

उत्कर्षा : इरा, घरी चल. बटाटेवडे करते.

इरा : भाजी नाही ना लपवणार त्यात?

उत्कर्षा : ...थोडी.

इरा : मग मी इथंच बरी. इथं कोणी 'पडशील, लागेल, थुंक, काय खाल्लंस' म्हणत नाही.

धनाजीराव : बाईसाहेब, रडू नका. लाकडाला ओल चालत नाही.

उत्कर्षा : काका, ती रात्री दोनदा उठते. पाणी मागते. नाही मागितलं तरी मी उठून बघते, श्वास चाललाय ना. इथं कोण बघणार?

धनाजीराव : रात्री इथं कोणी नसतं.

इरा : कोणीच?

धनाजीराव : फोटोतले असतात. बोलत नाहीत.

इरा : ...आई, तू रात्री किती वाजता येशील?

उत्कर्षा : काका, ऐकलंत ना? काहीतरी मार्ग काढा.

धनाजीराव : एक आहे. उसनी नेता येईल. लग्नकार्याला इथली घंगाळं नेतात तशी. अकरा महिन्यांचा करार.

उत्कर्षा : माझीच मुलगी, उसनी?

धनाजीराव : मुदत वाढवून मिळते. दर वेळी फक्त आणून दाखवायची. इथं सही.

उत्कर्षा : थांबा, वाचू द्या. 'नेली तशीच, कोणताही बदल न होता, परत आणीन.' असं कसं लिहून देऊ? तिचा पुढचा दात हलतोय. महिन्याभरात बूट होत नाहीत तिला!

धनाजीराव : अट आहे.

उत्कर्षा : मग खोटी सही करू?

धनाजीराव : मीही केली होती. मुलगा चार वर्षांचा असताना वहीत असाच लिहिला होता, हौसेनं.

उत्कर्षा : मग? परत आणलात?

धनाजीराव : दर अकरा महिन्यांनी. दर वेळी थोडा मोठा झालेला. कोणी ओळखलं नाही.

इरा : आई, कर ना सही. उतरव मला.