वरची आळी, खालची आळी

तिकिटाच्या रांगेत एका बाईंच्या पुढे एक मास्तर आणि त्यांची थोरली बहीण होती. ऐकायचं बाईंच्या मनात नव्हतं. पण रांगच हलेना.

"ताई, मी त्या डोंगरात परत जात नाही."

"बदली तूच मागितलीस ना? इथे बंदरावर चाळीच्या एका जिन्यात सात जमाती, भांडायलाही दुभाषा लागतो म्हणालास."

"तिकडे अख्खा जिल्हा एका जमातीचा. म्हटलं, निवांत असेल."

"मग?"

"वरची आळी खालच्या आळीशी बोलत नाही. वर्गात मधला बाक रिकामा ठेवावा लागतो."

"एकाच जमातीत?"

"एकाच पणजोबांची पोरं. मला रोज विचारतात, गुरुजी, तुम्ही कुणाकडचे?"

"तू काय सांगतोस?"

"काय सांगणार, कपाळ? मधल्या बाकावर बसतो. माझी खोली ठेवलीयस ना?"

"दिली रे. तुझ्या डोंगरातलाच एक आलाय. आल्यापासून जिन्यात एकेकाला अडवून विचारतो, वरचे की खालचे?"

"आपली माणसं हसली असतील."

"आधी हसली. आता वरचे मजले आमच्याशी बोलत नाहीत. आणि खरं सांगू, ते पहिल्यापासूनच शिष्ट."

मास्तर खिडकीशी पोचले.

"कुठलं तिकीट?"

"मधलं एखादं द्या."