नेटवरचं घर

फकरोद्दीनचाचांची सारी उमर घरं अन् प्लॉट दाखवण्यात गेली. नेट आल्यापासून मात्र त्यांच्याकडं कुणी फिरकत नव्हतं. आज ते अंबडच्या स्टँडवर जालन्याच्या गाडीची वाट बघत बसलेले. शेजारी एक म्हातारबाबा एका बाईला परतूरच्या गाडीत बसवून द्यायला आले होते.

"पोरानं घर नेटवर टाकलं अन् तुम्ही बराबर दारात आल्या. दलालाचा खर्चा वाचला बघा."

"व्हय. घर आवडलं मला. आता किमतीचं बोला, काका."

"बोलू की. परतूरला कुणाच्या तुम्ही?"

"साळूबाईच्या लेकीची लेक मी."

"आमच्या साळूआत्याची नात? अगं, मंग तू माझी भाची लागली की!"

"म्हंजे तुम्ही पुंजामामा? आई लई नाव काढती तुमचं!"

"मंग आता तूच सांग बाई, काय द्यायचं ते."

"मी कशी सांगू? तुम्ही मोठे."

"भाचीला कुठल्या तोंडानं किंमत सांगू? अन् ऐक, मागची खोली गळती बरं का."

"गळू द्या मामा. ओसरी किती झ्याक हाय!"

"उन्हाळ्यात नळाला पाणी बी न्हाई येत."

"आमच्याकडं तरी कुठं येतं!"

परतूरची गाडी लागली, तरी बाई उठेना.

"मामा, मधी एखादा दलाल असता तर बरं झालं असतं."

"मी बी तेच म्हणून राह्यलो."

तेवढ्यात जालन्याची गाडीही लागली. चाचांनी गाडीकडं एकदा बघितलं अन् उचललेली पिशवी पुन्हा खाली ठेवली.

"जरा सरका दोघं," ते म्हणाले, "मला मधी बसू द्या."