सगळी अक्षरं बदलून पाहिली

...आणि वर आमचे हे मलाच विचारतात, "आता कसा दिसतोय?" आता काय सांगू, कसा दिसतोय! काल संध्याकाळपर्यंत यांचा फोन निळा होता, सकाळी उठून बघते तर काळाकुट्ट! मला वाटलं बॅटरी संपली, चार्जरला लावला, तरी काळाच, मग आतून आवाज, "अगं, चालू आहे तो, त्याला डार्क मोड म्हणतात!" आता मला सांगा, चालू असलेली वस्तू बंद पडल्यासारखी दिसावी, ही कसली हौस? वरचं घड्याळ खाली आलं, खालचं कॅलेंडर कुठे परागंदा झालं देव जाणे, आणि ती कॉल करायची हिरवी खूण, ती बिचारी गोल होती ती चौकोनी झाली, चौकोनी होती ती पाकळ्यापाकळ्यांची झाली... मी कपडे शिवून देणारी बाई, गिऱ्हाइकांचे निरोप याच फोनवर येतात, कारण माझा स्वतःचा आहे बटणांचा, त्यावर बोलणं सोडलं तर काही होत नाही. एका बाईंनी पँट किती आखूड करायची ते कळवलं होतं, तो निरोप मी शोधतेय, शोधतेय, आणि इकडे काचेमागे मासे पोहतायत! मासे! मी म्हणते, होता तसा काय वाईट होता?

हे असं रोज चालायचं, तुम्हाला सांगते.

आमचे हे म्हणजे पेंटर. चित्रं काढणारे नव्हेत हो, पाट्या रंगवणारे. दुकानाच्या पाट्या, दवाखान्याच्या, शाळेच्या, 'येथे वाहने लावू नयेत' हेसुद्धा असं काढायचे की माणसानं गाडी लावून खाली उतरून बघत राहावं. पुढे ते छापील फ्लेक्स आले आणि काम आटलं, पण ऐट नाही आटली. रस्त्यानं चालताना आमचं बोलणं काय? "ती वेलांटी बघ, अगदी मान मोडल्यासारखी. तो उकार बघ, पोट बाहेर आलंय त्याचं." अहो, नवराबायको फिरायला निघालेत, जरा हवापाण्याचं बोला! पण नाही. माझ्या साडीकडे यांचं कधी लक्ष गेलं नाही, पण दुकानदाराचा 'क्ष' वाकडा असला की यांना जेवण जायचं नाही.

तर या माणसाच्या डोक्यात थंडीच्या दिवसांत रक्ताची एक गुठळी झाली. दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "हात वर करा," केला. "जीभ दाखवा," दाखवली. "बायकोचं नाव काय?" तेही बरोबर सांगितलं, वर म्हणाले, "विसरायची सोय आहे का?" सगळे हसले. घरी सोडताना कागदावर सही करायला सांगितली, तर अशी झोकदार सही केली की नर्सबाई म्हणाल्या, "काय सुंदर अक्षर आहे हो!" झालं, आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. चालतात, बोलतात, लिहितात, भांडतात... अजून काय पाहिजे?

पण घरी आल्यावर फोनच्या मागे लागले. "हा फोन बिघडलाय." काय झालं त्याला? "याची अक्षरं नीट नाहीत." लेक परगावी असते, तिला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, सेटिंगमध्ये जाऊन फॉन्ट बदलता येतो, थीम बदलता येते, सगळं आपल्याला हवं तसं करून घेता येतं." आणि तिकडूनच सांगत सांगत, "दुसरं चित्र दाबा, आता खाली सरकवा" करत शिकवलं की हो तिनं! हे म्हणजे आगीत रॉकेल. त्या दिवसापासून जेवणाचं ताट पुढे आणि यांची मान फोनमध्ये. बारीक अक्षरं लावली. जाड लावली. मग इतकी मोठी केली की अख्ख्या पडद्यावर एकच शब्द, तोही शेपटाकडून कापलेला. मागे डोंगर ठेवला, मग समुद्र, मग नुसता पांढरा. आणि दरवेळी माझ्यासमोर धरायचे, "वाच बघू मोठ्यानं, कसं वाटतंय?" मी मशीनवर, पायाखाली पॅडल, तोंडात टाचण्या! तशीच वाचायची, "गॅलरी... हवामान... संपर्क..." "बरं," म्हणायचे आणि परत बदलायचे. मी म्हणायचे, अहो, होता तसा काय वाईट होता?

त्यात आणखी एक. भलत्याच माणसांना फोन जायचे! एकदा भर दुपारी दातांच्या डॉक्टरांना लागला. ते आमचे ओळखीचे, त्यांच्या दवाखान्याची पाटी यांनीच रंगवलेली. तिकडून आवाज, "काय पेंटर, दुखतोय का? कुठला?" आता सरळ सांगावं ना, चुकून लागला म्हणून? हे म्हणाले, "डावीकडचा." डॉक्टर म्हणाले, "या मग लगेच." आणि गेले हो! धडधाकट दात घेऊन गेले, खुर्चीत बसले, आ केला, साफ करून घेतले आणि परत आले. मी विचारलं, "अहो, दुखत नव्हता तर गेलात कशाला?" तर म्हणे, "आता शब्द दिला होता." वा! शब्द पाळणारे! दुसऱ्या दिवशी नळवाल्याला लागला. बिचारा पाना घेऊन दारात हजर, "कुठे गळतंय?" मी म्हटलं, "घराचं डोकं गळतंय, ते बसवता का बघा."

हसताय तुम्ही. मीही हसायचे. कुणी आलं की हे किस्से सांगायचे, अगदी यांचा आवाज काढून. आणि हे कोपऱ्यात बसून फोन पुसत राहायचे. काच पुसायचे, परत पुसायचे... धूळ असेल असं वाटत असेल का हो त्यांना?

मग एका सकाळी दात घासताना हिरडीतून रक्त आलं. थांबेचना. बेसिन लाल. मी घाबरले, पण म्हटलं, चांगलेभले दात कोरून घेतले त्याचंच हे फळ, आणि यांना घेऊन तशीच त्या दातांच्या डॉक्टरांकडे भांडायलाच गेले. त्यांनी कापूस दाबला, जरा थांबलं, मग विचारलं, "रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे ना? किती घेता?" हे म्हणाले, "एक." डॉक्टरांच्या कपाळाला आठी. "फोन द्या बघू, तुमच्या मोठ्या डॉक्टरांशीच बोलतो." यांनी फोन दिला. डॉक्टर नंबर शोधता शोधता थांबले, आणि मोठ्यानं वाचायला लागले, "तपासणीचा अहवाल पाहिला. आजपासून गोळी अर्धीच घ्यावी." मग यांच्याकडे बघून म्हणाले, "पेंटर, हे मागच्याच आठवड्यात आलंय. वाचलं नाहीत?"

मला आठवलं. निरोप आल्याचा आवाज झाला तेव्हा मी काजं करत होते, तपासणीचं त्या दिवशीच कळायचं होतं म्हणून विचारलंही होतं, "काय म्हणतात डॉक्टर?" हे म्हणाले होते, "काही नाही. सगळं ठीक आहे, चालू ठेवा म्हणतायत."

आता मी त्या दवाखान्यात उभी, कंबरेवर हात, आणि तोंड उघडणार... म्हणजे उघडलंच होतं! "अहो, दिवसभर डोळे त्या फोनात, मासे काय सोडता, डोंगर काय लावता, आणि एक ओळ वाचायला..."

तर हे म्हणाले, "वाचता येत नाही मला."

इतक्या हळू म्हणाले की मला वाटलं कापसामुळे नीट ऐकू आलं नाही. डॉक्टर म्हणाले, "चष्मा बदलायला झालाय का?" हे म्हणाले, "नाही हो. दिसतं सगळं. टोक दिसतं, काना दिसतो, शाई कुठे जाड, कुठे बारीक, तेसुद्धा दिसतं. पण ती मला ओळख देत नाहीत. एवढी वर्षं मी वाढवलेली पोरं ती... समोरून येतात आणि तोंड फिरवून जातात." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला वाटलं अक्षरंच वाईट आहेत या फोनची. म्हटलं, एखाद्या तरी वळणाचं ओळखू येईल. म्हणून सगळी बदलून पाहिली. तू रोज म्हणायचीस, होता तसा काय वाईट होता... अगं, होता तसाच तर शोधत होतो मी."

माझ्यासारखी बाई, जिला पँटच्या शिलाईवरून तासभर बोलता येतं, तिनं कंबरेवरचे हात खाली घेतले.

बाहेर आलो. ते पायरीवर थांबले आणि वर बघायला लागले. वर त्यांनीच रंगवलेली पाटी, निळ्यावर पांढरी अक्षरं, खाली पिवळी सावली दिलेली. मी म्हटलं, चला, ऊन लागेल. हलेनात. बघते तर उजव्या हाताचं बोट मांडीवर फिरतंय. खाली, वर, एक वळण, वर टिंब... हळूच म्हणाले, "दं." परत बोट फिरलं. "त. दंत." मग माझ्याकडे बघितलं. "हाताला आठवतंय गं. डोळ्यांना नाही आठवत."

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला! अहो, फोनवर हेच करायचे ते! नावावरून बोट फिरवून बघायचे, अक्षर कुठलं ते, आणि फोनला काय कळतंय की हा माणूस वाचतोय? त्याला वाटायचं दाबतोय! लाव दातांच्या डॉक्टरांना, लाव नळवाल्याला! माणूस चाचपडत होता, आणि मी त्याचे किस्से करून सांगत होते.

मोठ्या डॉक्टरांनी बोलणं-वाचणं शिकवणाऱ्या एका बाईंकडे पाठवलं. तरुण, हसऱ्या, पण कडक. त्या म्हणाल्या, "होतं असं कधीकधी. लिहिणं शाबूत राहतं, वाचणं जातं. घरी कुणाला पत्ता लागत नाही, कारण सही बरोबर येते ना!" मी विचारलं, "येईल का परत?" म्हणाल्या, "थोडं येईल. बोटानं गिरवत राहायचं, पण फोनवर नको, तळहातावर. आणि फोनवरची अक्षरं काढून टाका, चित्रं लावा."

अक्षरं काढून टाका! पेंटरला! मला वाटलं आता हे उठून जातील. तर म्हणाले, "चालेल. पण चित्रं मी काढणार."

लेकीनं तयार चित्रं पाठवली होती हो, छान होती, रंगीत. हे म्हणाले, "सगळी एका साच्यातली. बिस्किटं आहेत नुसती." मग माळ्यावरून ब्रशचा डबा काढला. शर्टाच्या खोक्यांचे पुठ्ठे मी कापून दिले, हातभर लांबून बघायचं, जवळून रंगवायचं, परत लांबून बघायचं, दोन दिवस स्वयंपाकघरात टर्पेंटाइनचा वास. मोठ्या डॉक्टरांच्या जागी काय काढलं? दोन झुपकेदार भुवया. बस्स, भुवयाच. दुसरं कुणी असूच शकत नाही! लेकीच्या जागी बुटाची सुटलेली नाडी, कारण तिनं लहानपणी कधी बांधली नाही. दातांच्या डॉक्टरांच्या जागी खुर्ची. म्हटलं, दात नाही काढलात? म्हणाले, "त्या खुर्चीत मी खरं बोललो."

आणि माझ्या जागी... कुकर.

मी कुकर! एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाला माझ्यात काय दिसलं, तर कुकर! मी म्हटलं, "का? सारखी फुसफुसते म्हणून?" म्हणाले, "ते तर आहेच." मग ब्रश पुसत पुसत म्हणाले, "पण बाहेरून येताना शिट्टी ऐकू आली ना, की जिन्यातच कळतं... आहे, घरात कुणीतरी आहे."

मी पदर डोळ्यांना लावला. डोळ्यांत टर्पेंटाइन गेलं होतं.

लेक येऊन राहिली दोन दिवस, पुठ्ठ्यांचे फोटो काढले, जागच्या जागी बसवले. मासे गेले, डोंगर गेला, मागे नुसता मातकट रंग, त्यावर ही चार-पाच चित्रं. निरोप आला की फोन स्वतः वाचून दाखवतो. त्यातली बाई इतकं वाईट मराठी बोलते की हे तिच्यावर खेकसतात, "अगं, ऱ्हस्व आहे तो, ऱ्हस्व!" म्हणजे बघा, वाचता येत नाही, पण तिची चूक कळते! गोळी अर्धी झाली, रक्त थांबलं. तळहातावर गिरवणं चालू असतं. काही अक्षरं परत आली आहेत, काही येऊन परत जातात. 'क्ष' अजून रुसलाय. मी विचारलं, वाईट वाटतं का? म्हणाले, "वाटतं. पण एकेक येतंय ना, तेव्हा नीट बघून घेतो. आधी कुठे एवढं निरखून बघितलं होतं?"

आणि गिऱ्हाइकांचे निरोप? अहो, कुठले! ते निरोप आता ती फोनमधली बाई अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचते. कुणाची कंबर किती वाढली, सगळ्यांना पाठ! दोन बायकांनी येणंच बंद केलं. तुम्हाला सांगते, होता तसा काही वाईट नव्हता हो, पण... जाऊ दे.

थांबा हं. वाजतोय. माझा, बटणांचा. हेच आहेत. कुठून म्हणजे? भिंतीपलीकडून! बसलेत ना आतल्या खोलीत! "हं, बोला... हो, मीच... काय हवंय?... मग?... बरं. ठेवा."

काही नाही. म्हणाले, "लागतो का ते बघत होतो."

दिवसभर हेच बघतात. आणि लागतो हो! दरवेळी लागतो!