चहा वर आहे

रुशानच्या स्टँडवर बारतांग खोऱ्याकडे जाणारी जीप भरायची वाट बघत नेकबख्त पुढच्या सीटवर बसली होती. मागे बसलेल्या अनोळखी म्हातारीला तिचा मुलगा खिडकीतून विनवत होता, ते नेकबख्तच्या कानावर पडत होतं.

“आई, उतर खाली. माझ्याकडे राहा. गावात धोका आहे.”

“का? तुझ्याकडे डोंगर नाहीत का?”

“आमच्या डोक्यावर सरेझचं तळं नाही! आजोबांच्या लहानपणी भूकंप झाला, अख्खा डोंगर नदीत कोसळला, उसोय गाव गाडलं गेलं आणि मागे एवढं पाणी तुंबलं. तो बांध काही माणसाने बांधलेला नाही.”

“म्हणून तर टिकलाय.”

“थट्टा नको. जगात एवढा उंच बांध दुसरा नाही. फुटला तर?”

“भोंगा वाजेल. मग वरच्या टेकाडावर पळायचं. ठाऊक आहे मला.”

“ठाऊक आहे? सरावाच्या दिवशी भोंगा बोंबलत होता, सगळं गाव वर पोचलं, आणि तू खाली चहा उकळत होतीस!”

“भोंगा तपासणारे दारात आले होते. पाहुण्यांना शीरचोय पाजल्याशिवाय कसं सोडायचं?”

“त्यांनी तुला मेलेल्यांत धरलं, आई!”

“धरलं खरं. पण लोणी घातलेला चहा पुन्हा मागून प्यायले.”

“मी चेष्टा करत नाहीये.”

“मी तरी कुठे करतेय? दुसऱ्याच दिवशी किटली, मीठ, पेले, सगळं टेकाडावर नेऊन ठेवलं. आता भोंगा वाजला की म्हणेन, चला, चहा वर आहे.”

मुलाने हातातली तिची पिशवी खिडकीतून आत दिली.

“तुझा निळा पेलाही वरच ठेवलाय. घरात कोण वापरतंय तो?”