मेहुण्याच्या गाडीतला खडखडाट

हसू नका, पण बडोद्यातल्या अकोट्याच्या आमच्या मेहुण्याला इटालियन गाडी चक्क निम्म्या किमतीत मिळाली. जुनी, पण लालबुंद. पहिल्या फेरीचा मान माझा. दुसऱ्या दिवसापासून आतून खडखड. बडोद्यात कोणी हात लावेना, म्हणून मुंबईहून विमानाने मेकॅनिक आणला. त्याने नुसत्या तपासणीचे पैसे सांगितले. तेवढ्या पैशांत माझी नवी स्कूटर आली होती! पहिल्या मालकाने गाडी निम्म्यात का सोडली, ते तेव्हा कळलं.

मेकॅनिकने सीटखालून स्टीलचा डबा काढला. आत अर्धा लीलो चिवडो, बडोद्याचा तो बटाट्याचा ओलसर चिवडा.

"आवाज याचाच होता."

झाकणावर नाव कोरलेलं. मेहुण्याने सावकाश वाचलं. त्याच्या बहिणीचं, म्हणजे आमच्या हिचं.

"भावजी," तो शांतपणे म्हणाला, "उरलेला संपवा. इतका महाग चिवडा बडोद्याच्या महाराजांनीही खाल्ला नसेल."